इलेक्ट्रिक गाडीचं एक वर्ष: मुलुंड ते अंधेरी रोज, आणि गणपतीत एकदा सावर्डे

गेल्या दसऱ्याला आम्ही इलेक्ट्रिक कार घरी आणली. या दसऱ्याला वर्ष पूर्ण झालं आणि 12,400 किलोमीटर झाले. गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. काही तक्रारी आहेत त्या एका कंपनीपुरत्या नाहीत, आणि मला मुख्यतः सांगायचंय ते गाडी रात्री उभी कुठे राहते याबद्दल. मुंबईत इलेक्ट्रिक गाडी परवडते की नाही, याचं उत्तर शोरूममध्ये मिळत नाही. ते आपल्या बिल्डिंगच्या मीटर रूममध्ये मिळतं.

आमची सोसायटी मुलुंड पूर्वेला, 1994 सालची, अडतीस घरांची. खाली स्टिल्ट पार्किंग. गाडी बुक करायच्या आधी चार महिने मी कमिटीच्या मागे होते. सेक्रेटरी काकांचे प्रश्न तीन होते: आग लागली तर? बिल्डिंगचा मंजूर लोड, म्हणजे एका वेळी वापरता येणारी वीज, पुरेल का? आणि उद्या सगळ्यांनीच मागितलं तर? पहिल्या प्रश्नाला उत्तर सोपं होतं. 2022 मध्ये स्कूटरना आगी लागल्यानंतर बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक झालेत, शिवाय आम्ही बिघाड झाला की वीज तोडणारे वेगळे स्विच (एमसीबी, आरसीसीबी) आणि स्वतंत्र अर्थिंग घेणार होतो. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे घरच्या वीजजोडणीवरून गाडी चार्ज करता येते, तो कागदही मी नेला होता. पण तिसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मी म्हटलं, "काका, आज तर मी एकटीच मागतेय."

ते म्हणाले, "तेच तर. आज तुझी केबल भिंतीवरून जाईल, पुढच्या वर्षी दुसऱ्याची तिच्यावरून, मग तिसऱ्याची. दहाव्या माणसाला मी काय सांगू?"

तेव्हा राग आला होता. आज वाटतं, त्या खोलीत सगळ्यात नेमका प्रश्न त्यांनीच विचारला होता.

शेवटी महावितरणकडून इव्ही चार्जिंगचा वेगळा मीटर घेतला. मीटर रूमपासून माझ्या पार्किंगपर्यंत पंचेचाळीस मीटर आर्मर्ड केबल टाकावी लागली. केबल, मीटर, पाइप, बॉक्स, मजुरी धरून बासष्ट हजार गेले. शोरूममधल्या मुलाने "चार्जर फ्री आहे मॅडम" असं सांगितलं होतं. चार्जर फ्री होताच, पण तिथपर्यंत वीज आणणं आपल्या खिशातून. घेणाऱ्यांनी ही रक्कम गाडीच्या किमतीतच धरावी.

वेगळा मीटर का, हे सविस्तर सांगते, कारण इथे बरेच जण चुकतात. घरच्या मीटरवरून गाडी चार्ज केली तर युनिट वाढतात आणि स्लॅब चढत जातो. आमच्या घराचं बिल एसीच्या दिवसांत आधीच वरच्या स्लॅबला टेकतं. त्यात गाडीचे महिन्याला सव्वाशे-दीडशे युनिट घातले की ते सगळे महागड्या दराने मोजले जातात. इव्ही चार्जिंगचा दर वेगळ्या वर्गात आहे, त्याला घरगुती स्लॅब लागत नाहीत. माझं बिल सगळे आकार धरून युनिटला नऊ रुपयांच्या आसपास पडलं.

आता वर्षाचा हिशोब. मी ऑफिसात दिवसभर हिशोबच करते, त्यामुळे पहिल्या दिवसापासून वही ठेवली होती. घरी 1,530 युनिट भरले, त्याचे 13,770 रुपये. बाहेरच्या चार्जरवर 330 युनिट, जीएसटीसकट सरासरी बावीस रुपये दराने 7,260. एकूण 21,030, म्हणजे किलोमीटरला साधारण एक रुपया सत्तर पैसे. आधीची पेट्रोल गाडी या ट्रॅफिकमध्ये लिटरला बारा द्यायची. एकशे साडेतीन रुपयांच्या पेट्रोलने तेवढ्याच किलोमीटरचे एक लाख सात हजार झाले असते. वर्षाला सुमारे शहाऐंशी हजार वाचले.

पण त्याच गाडीच्या पेट्रोल मॉडेलपेक्षा ही आम्हाला ऑन-रोड सव्वाचार लाखांनी महाग पडली. तोही फरक एवढाच राहिला, कारण राज्यात इलेक्ट्रिकला रोड टॅक्स माफ आहे. नाहीतर फरक आणखी वाढला असता. म्हणजे पैसे वसूल व्हायला पाच वर्षं, केबलचे बासष्ट हजार धरले तर साडेपाचच्या पुढे. जो माणूस फक्त शनिवार-रविवार गाडी काढतो, वर्षाला चार-पाच हजार किलोमीटर चालवतो, त्याने पैशासाठी ही गाडी घेऊ नये, हे मी ओळखीच्या दोघांना स्पष्ट सांगितलंय. त्यात 22 सप्टेंबर 2025 पासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवर आला. इलेक्ट्रिकचा 2019 पासून पाचच टक्के आहे, तो तसाच राहिला. त्यामुळे आज शोरूममध्ये जाणाऱ्याला हा फरक माझ्यापेक्षा मोठा दिसेल. आणि केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत खासगी कारला अनुदान ठेवलेलंच नव्हतं, ते दुचाकी, तीनचाकी, बस, ट्रक यांच्यासाठी होतं.

चालवण्याचा अनुभव मात्र पैशात मोजता येणार नाही. माझा रोजचा रस्ता मुलुंड, भांडुप, गांधीनगर, जेव्हीएलआर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड), पवई, अंधेरी एमआयडीसी. जाऊन-येऊन पस्तीसेक किलोमीटर, वेळ मात्र कधी दोन तास, कधी तीन. पेट्रोल गाडीत संध्याकाळी घरी पोचले की डावा पाय दुखायचा. इथे क्लच नाही, गिअर नाही, इंजिनची थरथर नाही. पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढला की गाडी आपोआप मंदावते आणि त्यातून बॅटरीत थोडी वीज परत जाते, त्यामुळे पेट्रोल गाडी जिथे सगळ्यात जास्त पिते तिथेच, म्हणजे थांबत-थांबत चालणाऱ्या गर्दीत, ही सगळ्यात कमी खाते. एसी लावून तासभर कोंडीत उभी राहिली तर एक-दीड युनिट जातं. चाळीस युनिटच्या बॅटरीत ते काहीच नाही. शहरात मला एका चार्जमध्ये पावणेतीनशे ते तीनशे किलोमीटर मिळतात. कंपनीने छापलेला आकडा चारशेच्या वरचा आहे, तो विसरून जावा. मी आठवड्यातून दोनदा रात्री चार्जरची गन, म्हणजे केबलच्या टोकाचा प्लग, लावते, सकाळी गाडी तयार असते. वर्षभरात मुंबईच्या आत एकदाही चार्जरच्या शोधात फिरावं लागलं नाही.

पावसाची भीती सगळ्यांनाच असते. बॅटरीचा डबा आयपी 67 दर्जाचा आहे, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास राहिला तरी आत पाणी शिरू नये अशी त्याची चाचणी झालेली असते. म्हणून तुंबलेल्या पाण्यात गाडी घालावी असा त्याचा अर्थ होत नाही. जुलैत एलबीएस रस्त्यावर भांडुपला गुडघाभर पाणी होतं, मी पेट्रोल गाडीवाल्यांसारखीच मागे वळले. वायपर, एसी, हेडलाइट सगळं चालू ठेवून रेंज दहा-बारा किलोमीटरने कमी झाली असेल, जास्त नाही.

पावसाळ्यातच खरा त्रास झाला, पण वेगळ्याच कारणाने. एका सकाळी गाडी उघडेचना. रिमोट चालेना, स्क्रीन काळी. आदल्या रात्री मोठी बॅटरी 71 टक्के होती. कारण कळलं तेव्हा मी थक्क झाले: या गाड्यांतही साध्या गाड्यांसारखी एक छोटी 12 व्होल्टची बॅटरी असते. दरवाजे, कॉम्प्युटर, आणि मोठ्या बॅटरीची लाइन जोडणारे स्विच, हे सगळं तिच्यावर चालतं. ती बसली की चाळीस युनिट वीज पोटात असून गाडी मेलेली. समोरच्या पेट्रोल गाड्यांच्या गॅरेजवाल्या दादांनी जंपर केबल लावून दहा मिनिटांत चालू करून दिली. सर्व्हिस सेंटरने मात्र "काय वीज खातंय ते शोधतो" म्हणत गाडी सहा दिवस ठेवून घेतली. बॅटरी वॉरंटीत बदलली, कारण लेखी काही दिलं नाही. मोठ्या बॅटरीवर आठ वर्षांची वॉरंटी आहे, त्याची जाहिरात मोठ्या अक्षरांत असते. ही छोटी बॅटरी कधी तपासायची, हे डिलिव्हरीच्या दिवशी कोणीतरी पाच मिनिटं सांगायला हवं होतं. इलेक्ट्रिकचं काम जाणणारे मेकॅनिक कंपनीच्या आवाराबाहेर अजून फार थोडे आहेत. मला ही उणीव रेंजपेक्षा मोठी वाटते.

आता गणपती. सासरचं घर सावर्ड्याला, चिपळूणच्या पुढे. आप्पांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, आधीपासून म्हणणं होतं की एसटीने जाऊ. 25 ऑगस्टच्या रात्री शंभर टक्के चार्ज करून निघालो. कोलाड-इंदापूर-माणगावची गर्दी ज्यांनी गणपतीत बघितलीय त्यांना काय सांगावं. माणगावला पोचलो तेव्हा 46 टक्के उरले होते. पुढे सव्वाशे किलोमीटर, मध्ये कशेडी. बोगद्यामुळे चढण वाचते, तरी गाडीत पाच माणसं आणि सामान होतं, 46 वर जायचा धीर झाला नाही. हायवेवरच्या चार्जरला दोन गन, पुढे तीन गाड्या. आमचा नंबर पावणेदोन तासांनी लागला. मशीनवर तीस किलोवॅट लिहिलेलं, पण दोन्ही गनना गाड्या लागल्या की वीज निम्मी वाटली जाते, हे तिथे कुठेच लिहिलेलं नव्हतं. पंचेचाळीस मिनिटांचं काम सव्वा तास चाललं. त्यात अ‍ॅपचं पेमेंट अडकलं आणि गन सुटेना. पहाटे साडेतीनला हेल्पलाइनचा फोन कोणी उचलला नाही. रांगेतल्या एका पुण्याच्या मुलाने माझ्या मोबाइलमधून पुन्हा लॉगिन करून ती सोडवून दिली. त्याचे आभार मानायचेही राहून गेले. पेट्रोलवाले तोवर खेड ओलांडून गेले असतील.

गावी गेल्यावर दुसरी अडचण. पडवीतल्या पंधरा अँपियरच्या सॉकेटला चार्जर लावला तर लाल दिवा. दिराने मोटारपंप तिथेच लावून दाखवला, तो चालला. मग गावचा वायरमन आला, टेस्टर लावून बघितलं आणि म्हणाला, "वहिनी, याला अर्थिंगच नाय. पंपाला काय फरक पडत नाय, तुमची गाडी शहाणी हाय." अर्थिंग नसेल तर चार्जर सुरूच होत नाही, सुरक्षेसाठी तशी सोय असते. त्याने विहिरीजवळच्या ओल्या मातीत नवा रॉड ठोकला, तार आणून सॉकेटला जोडली, आणि हिरवा दिवा लागला. तीस-चाळीस वर्षं त्या घरात सगळी उपकरणं अर्थिंगशिवाय चालत होती, हे आम्हाला गाडीमुळे कळलं. आप्पांनी दुसऱ्याच दिवशी त्याला बोलावून सगळ्या घराचं अर्थिंग करून घेतलं.

पर्यावरणाबद्दल मी मोठे दावे करणार नाही. महावितरणच्या विजेतला मोठा वाटा अजून कोळशाचा आहे. माझ्या गाडीचा धूर जेव्हीएलआरवर निघत नाही, पण चंद्रपूर-कोराडीच्या वीज केंद्रांतून काही निघतोच. तरी इलेक्ट्रिक मोटर तीच ऊर्जा पेट्रोल इंजिनापेक्षा कितीतरी कमी वाया घालवते, आणि पवईच्या सिग्नलला शेजारी उभ्या असलेल्या स्कूटरवरच्या मुलाच्या तोंडावर माझ्या गाडीचा धूर जात नाही. मला तेवढंही मोलाचं वाटतं.

बाजाराचं काय? नॉर्वेत 2024 मध्ये विकलेल्या नव्या गाड्यांपैकी जवळपास 89 टक्के इलेक्ट्रिक होत्या, ते उदाहरण आपल्याकडे नेहमी दिलं जातं. मला ते फारसं उपयोगाचं वाटत नाही. आपल्याकडे दुचाकी पुढे राहणार. 2024-25 मध्ये देशात सुमारे साडेअकरा लाख इलेक्ट्रिक दुचाकी विकल्या गेल्या, एकूण दुचाकींच्या सहा टक्क्यांच्या आसपास. डिलिव्हरीची मुलं रिकामी बॅटरी देऊन भरलेली बदलून घेतात, त्यांना पार्किंग लागत नाही. बसचंही तसंच, डेपोत एकाच जागी चार्जिंग होतं. कारचं घोडं अडतं ते पार्किंगपाशी. राज्य सरकारने 2025 च्या धोरणात अटल सेतू, पुणे एक्स्प्रेसवे आणि समृद्धीवर इलेक्ट्रिक कारचा टोल माफ केला, चांगलं केलं. पण त्याने लालबागच्या चाळीत किंवा विक्रोळीच्या जुन्या इमारतीत राहणाऱ्याला चार्जिंगची जागा मिळत नाही.

आमच्या मागच्या चाळीत एक दादा राहतात, इलेक्ट्रिक टॅक्सी चालवतात, बहुतेक एअरपोर्टच्या फेऱ्या. त्यांच्याशी ओळख झाली तेव्हा मी उत्साहाने माझा एक रुपया सत्तर पैशांचा आकडा सांगितला. त्यांनी शांतपणे त्यांचा सांगितला. "ताई, मला घरचा प्लग नाय. बाहेर वीस-बावीसने भरतो, किलोमीटरला तीन रुपये जातात. सीएनजीला चार जायचे. एक रुपया वाचतो, आणि चार्जरला दीड तास बसतो तो धंद्याचा वेळ." जो महिन्याला चार हजार किलोमीटर चालवतो, ज्याला या गाडीचा सगळ्यात जास्त फायदा व्हायला हवा, त्याला तो सगळ्यात कमी होतोय. गाडी तशीच, रस्ते तेच, फरक फक्त माझ्या बासष्ट हजारांच्या केबलचा.

आमच्या सोसायटीत आता आणखी सहा जणांनी अर्ज दिलेत. सेक्रेटरी काकांनी स्वतःहून पुढाकार घेऊन मीटर रूमपासून बारा केबल जातील असा एकच ट्रे टाकायचा अंदाज मागवलाय, आणि मंजूर लोड वाढवायचा अर्जही तयार आहे. सोसायटीच्या येत्या बैठकीसाठी मी एक विषय लेखी दिलाय: पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये स्वतंत्र मीटरवर एक सामाईक चार्जर, दिवसा दहा ते पाच या वेळेत मागच्या चाळीतल्या टॅक्सीवाल्यांना, युनिटला बारा रुपयांनी. नऊ रुपये विजेचे, तीन सोसायटीच्या देखभालीला. बाहेरची माणसं आत येणार म्हणून दोघांनी आताच विरोध कळवलाय. बैठक येत्या रविवारी सकाळी दहाला गच्चीवर आहे. माझी वही मी सोबत नेणार आहे आणि टॅक्सीवाल्या दादांनाही बोलावलंय.