विक्टोरिनसचे प्रकटीकरणावरील भाष्य : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

पेतोवियोचा बिशप विक्टोरिनस याने इ.स. 260 च्या सुमारास लिहिलेले, प्रकटीकरण या पवित्र शास्त्रातील शेवटच्या पुस्तकावरील भाष्य आम्ही गेल्या जूनपासून फेब्रुवारीपर्यंत आमच्या गुरुवारच्या शास्त्राभ्यासात वापरले. प्रकटीकरणावरचे जे संपूर्ण भाष्य आज आपल्या हाती आहे, त्यांपैकी सर्वांत जुने हेच. पेतोवियो म्हणजे आजच्या स्लोव्हेनियातील द्रावा नदीकाठचे प्तुय हे गाव. डायोक्लेशियन बादशहाच्या छळात, 304 च्या सुमारास, विक्टोरिनस हुतात्मा झाला. छळाची टांगती तलवार डोक्यावर असलेल्या माणसाने ‘श्वापद’ आणि ‘अजगर’ हे शब्द कसे वाचले असतील, हे जाणून घेण्याची माझी इच्छा होती, कारण आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) गेली काही वर्षे सहाशे सहासष्ट या, प्रकटीकरणात श्वापदाचा म्हणून दिलेल्या आकड्यावरून मोबाइलवर येणाऱ्या संदेशांनी भाबड्या माणसांची झोप उडवली होती. त्या संदेशांना उत्तर देण्यापेक्षा प्रारंभीच्या मंडळीजवळ बसून वाचावे, असे पाळकसाहेबांनी सुचवले आणि ते मला मनापासून पटले.

सुरुवात आम्ही इंटरनेटवर मोफत मिळणाऱ्या एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी भाषांतराने केली. मी इंग्रजीतून वाचून मराठीत सांगत असे आणि प्रत्येकाच्या मांडीवर मराठी पवित्र शास्त्र उघडे असे. भाष्य लहान आहे. ते प्रत्येक ओवीचा अर्थ सांगत बसत नाही. जिथे सांगण्यासारखे आहे तिथे थांबते आणि पुढे जाते. विक्टोरिनसला लॅटिनपेक्षा ग्रीक अधिक चांगले येत होते, त्याच्या लेखनात अर्थ थोर पण शब्दरचना त्यामानाने साधारण, असे पवित्र शास्त्राचा लॅटिन भाषांतरकार जेरोम याने नोंदवले आहे. भाषांतरातही हा खडबडीतपणा जाणवतो आणि पहिल्या दोन-तीन बैठकांत त्याचा त्रास झाला. पुढे मात्र त्याची सवय झाली.

या भाष्याचा आम्हांला सर्वांत मोठा उपयोग झाला तो आठव्या अध्यायापाशी. सात शिक्के, मग सात कर्णे, मग सात वाट्या, अशी संकटांची एकामागून एक रांग आहे असे समजून आम्ही सगळे आजवर वाचत आलो होतो, आणि आपण या रांगेत आज नेमके कुठे उभे आहोत हाच प्रश्न प्रत्येकाच्या मनात असे. विक्टोरिनस सांगतो की इथे घटनाक्रम शोधू नये, अर्थ शोधावा. पवित्र आत्मा शेवटच्या काळापर्यंत जातो आणि मग त्याच काळाकडे पुन्हा वळून, आधी जे थोडक्यात सांगितले ते अधिक भरून सांगतो. कर्ण्यांत जे आले तेच वाट्यांत पुन्हा येते. कीर्तनकार एकच अभंग धरून त्याच्या चरणाकडे पुन्हा पुन्हा येतो आणि प्रत्येक वेळी नवा अर्थ उलगडतो, तसे हे आहे, असे मी बैठकीत म्हटले, आणि तेव्हापासून ‘आता कितवा कर्णा वाजला’ हा प्रश्न आमच्याकडे कोणी विचारलेला नाही. चौथ्या शतकाच्या अखेरीस आफ्रिकेतील लेखक तिकोनियसने आणि त्याच्यामागून बिशप ऑगस्टिनने ही पद्धत पुढे नेली. तिचे बीज मात्र द्रावेकाठच्या या बिशपाच्या भाष्यात स्पष्ट दिसते.

पाचव्या अध्यायातील शिक्कामोर्तब केलेल्या ग्रंथपटापाशी आम्ही तीन गुरुवार घालवले, कारण तिथे मराठीची अडचण आली. विक्टोरिनसच्या मते तो ग्रंथपट म्हणजे जुना करार. कोकरा, म्हणजे ख्रिस्त, वधला गेला, म्हणूनच तो उघडता आला. त्याचा युक्तिवाद असा, की ‘तेस्तामेन्तुम’ हे नाव एखाद्या लेखाला मरणामुळेच मिळते आणि तोपर्यंत तो बंद राहतो. लॅटिनमध्ये या एकाच शब्दाचे करार आणि मृत्युपत्र असे दोन्ही अर्थ होतात. आपल्याकडे हे दोन शब्द वेगळे असल्यामुळे ‘जुना करार’ म्हणताना कोणाच्याही मनात मृत्युपत्र येत नाही, आणि युक्तिवादाची कडीच तुटते. तेव्हा आम्ही इब्री लोकांस पत्राचा नववा अध्याय काढला, जिथे मृत्युपत्र करणाऱ्याच्या मरणाचा उल्लेख आहे, आणि मी रोमन लोकांची सात साक्षीदारांच्या मोहरा लावून मृत्युपत्र बंद करण्याची रीत समजावून सांगितली. आमच्यातील एक काका आयुष्यभर दुय्यम निबंधक कार्यालयात कारकून होते. सात मोहरांचे मृत्युपत्र म्हणताच त्यांचा चेहरा उजळला आणि पुढचा अर्धा तास त्यांनीच शिकवले.

देवाच्या सिंहासनाभोवतीचे चोवीस वडील म्हणजे नियमशास्त्र आणि संदेष्ट्यांचे चोवीस ग्रंथ, तिथल्या चार प्राण्यांचे, म्हणजे चार शुभवर्तमानांचे, प्रत्येकी सहा पंख मिळून पुन्हा तेच चोवीस, आणि शुभवर्तमान या पंखांवाचून उडू शकत नाही, हे त्याचे विवेचन मला अतिशय सुंदर वाटते. सात मंडळ्यांबाबत तो सांगतो की पौलानेही सात मंडळ्यांनाच लिहिले आणि सात म्हणजे एकच सर्वव्यापी मंडळी. त्यामुळे इफिस आणि स्मुर्णाला लिहिलेले आपल्यालाही लिहिलेले आहे. अकराव्या अध्यायातील दोन साक्षींपैकी एक एलीया हे तो इतरांप्रमाणेच मानतो, पण दुसरा मोशे किंवा अलीशा नसून यिर्मया, असे सुचवतो, कारण त्या दोघांच्या मरणाची नोंद शास्त्रात आहे, यिर्मयाच्या मरणाची नाही. हे मला पूर्ण पटले नाही, तरी त्याने पुरावा कसा तपासला हे पाहण्यासारखे आहे.

श्वापदाविषयी तो थेट बोलतो. सात डोकी म्हणजे रोमचे सम्राट: पाच पडलेले, सहावा डोमिशियन, ज्याच्या काळात योहान पात्म बेटावरील खाणीत शिक्षा भोगत होता, सातवा नर्व्हा, आणि आठवा म्हणून परतणारा नीरो. नीरो पुन्हा येणार ही समजूत त्या काळी रोमन जगात पसरलेली होती, आणि तिचाच आधार त्याने घेतला. आपल्या काळातील एखाद्या राजकारण्याच्या नावाची अक्षरे मोजत बसणाऱ्यांनी हा भाग अवश्य वाचावा. त्यासोबत आम्ही आयरेनियसच्या ‘पाखंडमतांविरुद्ध’ या ग्रंथाच्या पाचव्या भागातील तिसावा अध्यायही वाचला. एवान्थास, लातेइनोस, तेइतान अशी नावे त्या आकड्यात बसतात, हे दुसऱ्या शतकातील हा बिशप दाखवतो आणि तरीही कोणत्याही नावाचा निश्चयाने उच्चार करायला नकार देतो. ते नाव या काळी उघड करणे आवश्यक असते, तर ज्याने दर्शन पाहिले त्यानेच ते सांगितले असते, असे तो म्हणतो. आमच्या बैठकीत त्या संध्याकाळी बराच वेळ शांतता होती. ज्या बाई या संदेशांनी सर्वाधिक घाबरलेल्या होत्या, त्यांनी तो परिच्छेद वहीत उतरवून घेतला.

आता या वापरातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतो, कारण ती मला फार उशिरा, सहाव्या महिन्यात कळली. मोफत भाषांतराच्या शेवटी, विसाव्या अध्यायापाशी, ख्रिस्ताचे हजार वर्षांचे पृथ्वीवरील राज्य मानणाऱ्यांचे ऐकू नये, ते पाखंडी केरिंथसच्या मताचे आहेत, असे ठामपणे म्हटले आहे. विक्टोरिनसचे हेच मत म्हणून मी ते बैठकीत शिकवले. प्रत्यक्षात ते शब्द त्याचे नाहीत. 398 मध्ये अनातोलियस नावाच्या गृहस्थाच्या विनंतीवरून जेरोमने हे भाष्य सुधारून दिले आणि शेवट काढून टाकून त्या जागी नवा शेवट घातला. पापियस आणि इजिप्तमधील नेपोस या आधीच्या बिशपांप्रमाणेच विक्टोरिनसनेही हजार वर्षांच्या राज्याविषयी लिहिले होते, हे जेरोम प्रस्तावनेत स्वतः सांगतो. म्हणजे त्याने काही लपवले नाही, मीच प्रस्तावनेपर्यंत पोहोचलो नव्हतो. मूळ शेवट व्हॅटिकनमधील पंधराव्या शतकातील एका हस्तलिखितात टिकून राहिला, आणि 1916 मध्ये योहानेस हाउसलायटर यांनी दोन्ही पाठ एकत्र छापले.

मूळ पाठावरून विल्यम वाइनरिख यांनी केलेले नवे इंग्रजी भाषांतर मी त्यानंतर मागवले. त्याच पुस्तकात अप्रिंगियस, सीझेरियस आणि बीड या नंतरच्या लॅटिन लेखकांचीही भाष्ये आहेत. त्यात विक्टोरिनसचा खरा शेवट वाचला, तेव्हा वेगळाच माणूस समोर आला. त्याला पृथ्वीवर येणारे राज्य हवे आहे. त्याची पवित्र नगरी म्हणजे केवळ भिंतींनी वेढलेले शहर नाही, तर मिसरच्या नदीपासून फरातपर्यंत अब्राहामाला देऊ केलेला सगळा प्रदेश. ज्याला रोज अटकेचे भय आहे, त्याने देवाचे न्यायराज्य याच मातीवर मागावे, हे मला पूर्णपणे समजते. जेरोम आणि त्याच्यामागून ऑगस्टिन यांना, सम्राटच ख्रिस्ती झालेल्या काळात, तो अर्थ फार ऐहिक वाटला, हेही समजते. न्याय्य मात्र एवढेच, की दोघांचे म्हणणे ज्याच्या त्याच्या नावावर राहावे. हजार वर्षांचे राज्य आपण मानतो, पण अनेक भक्तिमान ख्रिस्ती तसे मानत नाहीत, हे जस्टिन हुतात्म्याने दुसऱ्या शतकातच प्रांजळपणे लिहून ठेवले होते, आणि मतभेद असा सांभाळता येतो हे पाहून मला धीर आला.

पुढच्या गुरुवारी मी मंडळीसमोर माझी चूक सांगितली आणि दोन्ही शेवट एकापाठोपाठ एक वाचले. पाळकसाहेब जेरोमच्या बाजूचे निघाले, निबंधक कार्यालयातील काका विक्टोरिनसच्या.

हे भाष्य वापरू इच्छिणाऱ्यांना माझे सांगणे असे. ज्यांना प्रत्येक ओवीचे स्पष्टीकरण हवे आहे त्यांची यावर निराशा होईल. जुन्या करारातील यहेज्केल, यशया आणि दानीएल जवळ नसतील तर अर्धे संदर्भ निसटतात. आमच्यातील ज्यांनी दानीएलचा सातवा अध्याय आधी वाचला होता, त्यांना श्वापदाचा भाग पहिल्याच वाचनात समजला. मोफत प्रत सुरुवातीला पुरेशी आहे, पण जेरोमची प्रस्तावना आधी वाचा आणि विसाव्या अध्यायापाशी पोहोचण्यापूर्वी मूळ पाठावरचे भाषांतर हाताशी ठेवा. बैठकीसाठी एका वेळी एकच अध्याय घ्या. आम्ही घाईने सहावा आणि सातवा एकत्र घेतला होता, आणि पांढऱ्या घोड्याचा स्वार म्हणजे जगभर निघालेली सुवार्ता, हे त्याचे म्हणणे त्या दिवशी कोणाच्याच लक्षात राहिले नाही. तो भाग आम्ही मार्चमध्ये पुन्हा घेणार आहोत.