खुब्याच्या सिटी स्कॅनसाठी इथे या, फक्त रॅम्पचं काहीतरी करा

४ स्टार देतोय, पाचवा का कापला ते खाली लिहिलंय.

आमचे काका एरंडोलहून जळगावला येत होते, गाडीत पुढच्या सीटवर, पाळधीच्या अलीकडे ट्रॅक्टर-ट्रॉली आडवी आली आणि धडक बसली, गुडघा डॅशबोर्डवर आपटला. गुडघ्याला नुसतं खरचटलं पण दुखणं सगळं खुब्यात, पाय आखूड झालेला आणि आत वळलेला. मार गुडघ्याला बसतो पण जोर मांडीच्या हाडातून वर जातो आणि खुब्याचा गोळा (मांडीच्या हाडाचं वरचं गोल टोक) ओटीपोटाच्या हाडातल्या वाटीतून मागे निघतो. पहिल्या दवाखान्यात भूल देऊन लगेच बसवला, ते चांगलंच केलं, कारण उशीर झाला तर गोळ्याचा रक्तपुरवठा जाऊ शकतो. पण नंतर समोरून एकच एक्स-रे काढला आणि सगळं ठीक आहे, झोपून राहा म्हणाले. दुसऱ्या हाडाच्या डॉक्टरांनी ऐकलं नाही, सिटी पाहिजेच म्हणून इथे पाठवलं.

आणि बरं झालं पाठवलं. वाटीच्या मागच्या कडेचा तुकडा निघालेला होता आणि एक बारीक कपची सांध्यात अडकलेली, एक्स-रेत दोन्ही नव्हतं. इथल्या डॉक्टर मॅडमनी स्क्रीनवर दाखवलं, समोरून काढलेल्या फोटोत मागची कड गोळ्याच्या सावलीत लपते. पूर्वी त्यासाठी पेशंटला दोन्ही कुशीवर ४५ अंशात कलवून तिरपे एक्स-रे काढायचे, आता मोडलेल्या खुब्याचा माणूस कलवणार कसा हो! सिटीत सरळ झोपूनच सगळं दिसतं, मशीन फिरायला मिनिटभर पण लागलं नाही. थ्रीडीमध्ये तर मांडीच्या हाडाचा गोळा कॉम्प्युटरवरच काढून टाकला आणि नुसती वाटी फिरवून दाखवली, तेव्हा आम्हाला ऑपरेशन कशासाठी ते कळलं. फक्त हाडं बघायची म्हणून शिरेतून कॉन्ट्रास्टचं औषध (ज्याने रक्तवाहिन्या उठून दिसतात ते) दिलं नाही, आत रक्तस्राव वाटला तर ते द्यावं लागतं म्हणाल्या.

इथल्या टेक्निशियन पोरांचं खास कौतुक. आमच्या आधी चोपड्याकडचा बाईकवरून पडलेला मुलगा होता, ओटीपोटाची हाडं मोडलेली, कमरेला चादर घट्ट आवळून आणलेला. चादर सोडू का असं त्याच्या भावाने विचारलं तर पोरांनी हातच लावू दिला नाही, ती सुटली तर आतलं रक्त वाढेल म्हणाले, तशीच ठेवून चौघांनी उचलून टेबलावर घेतला, कुठे हलवाहलव नाही. हे सगळीकडे होत नाही भो.

घरात म्हातारं माणूस पडलं, एक्स-रे नॉर्मल आला पण पाय टेकवत नाही, तर तेवढ्यावर घरी नेऊ नका. मांडीच्या हाडाच्या मानेतली (गोळ्याच्या लगेच खालच्या भागातली) बारीक चीर एमआरआयमध्ये दिसते, डॉक्टरांना स्वतःहून विचारा.

आता एक स्टार का कापला. बाहेरचा रॅम्प उभा चढाचा आणि फरशी उखडलेली, स्ट्रेचरला प्रत्येक धक्क्याला काका ओरडत होते. जिथे मोडलेल्या हाडांचेच पेशंट येतात तिथे हे चालणार नाही, मालकांनी मनावर घ्यावं. रात्रीचा रिपोर्ट पण सकाळी मिळाला, फोटो मात्र लगेच दिले.

रेट आधी सांगितला तेवढाच घेतला. फिल्मसोबत सीडी मागून घ्या, आमच्या सर्जननी फिल्म बाजूला ठेवून सीडीच लावली आणि स्वतः फिरवून बघितलं.