आडत दुकानात पोस्टग्रेस: आठ महिन्यांनंतर

लातूरच्या मार्केट यार्डातल्या एका आडत दुकानाचं हिशेबाचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. तूर, हरभरा, सोयाबीन. पट्ट्या (शेतकऱ्याला मिळणारा विक्रीचा हिशेब), उचल, हमाली, तोलाई, बारदाना. गेल्या जूनपर्यंत तिथं एक जुना प्रोग्राम चालायचा. त्याच्या मेनूत सगळ्यात खाली एक बटन होतं, ‘रीइंडेक्स’, म्हणजे नोंदी शोधायच्या याद्या (इंडेक्स) नव्यानं बांधायचं. रात्री लाईट गेली असली की सकाळी मुनीमकाका आधी गणपतीला उदबत्ती लावायचे आणि मग ते बटन दाबायचे. वीसेक मिनिटं दुकान थांबायचं. कधी एवढं करूनही औशाकडच्या चार-दोन शेतकऱ्यांची खाती गायबच राहायची, मग ते बटन पुन्हा दाबायचं.

जूनमध्ये सगळं पोस्टग्रेस १५ या डेटाबेसवर आणलं. काकांचा पहिला प्रश्न: “सर, ते बटन कुठाय?”

“लागणारच नाही काका,” मी छातीठोकपणे सांगितलं. हे वाक्य पुढं माझ्या अंगाशी आलं, पण लाईटमुळे नाही.

लाईटचं आधी सांगतो. इन्व्हर्टर आहे, पण बॅटरी म्हातारी. शिवाय मोबाईल चार्जिंगला लावायला कुणीतरी संगणकाचाच प्लग उपसतो, आणि खरं सांगायचं तर असं लाईट जाण्यापेक्षा जास्त वेळा झालंय. आठ महिन्यांच्या लॉगमध्ये ‘डेटाबेस नीट बंद झाला नव्हता, आपोआप सावरणं चालू आहे’ या अर्थाची ओळ मी २७ वेळा मोजली. प्रत्येक वेळी काही सेकंदांत गाडी रुळावर आली. एकही पट्टी हरवली नाही, बांधून झालेला एकही इंडेक्स लाईटपायी मोडला नाही. पहिल्या वेळी लॉगमध्ये ‘इनव्हॅलिड रेकॉर्ड लेंग्थ, वाँटेड २४, गॉट ०’ असं दिसलं आणि माझ्या पोटात गोळा आला. ती चूक नसते. लॉग वाचत वाचत जिथं लिहिलेलं संपलं ती जागा सापडली, एवढाच तिचा अर्थ.

हे कसं होतं ते काकांना सांगताना मलाच नीट कळलं. मी वॉलबद्दल बोलायला लागलो, म्हणजे बदल मूळ जागी जाण्याआधी जिथं नोंदतात तो लॉग. तर ते म्हणाले, “मग ही कीर्दच की! कीर्दीत चढल्याबिगर खतावणीला हात लावायचा न्हाई. आम्ही चाळीस वर्षं हेच करायलोत.” अगदी तसंच आहे. कीर्द म्हणजे रोजच्या नोंदींची वही, खतावणी म्हणजे खातेवार वही. टेबल म्हणजे खतावणी, इंडेक्स म्हणजे खतावणीच्या सुरुवातीला लावलेली नावांची यादी. व्यवहार पक्का झाला असं सांगण्याआधी त्याची कीर्दीतली नोंद डिस्कवर पोचलेली असते. खतावणीचं पान आणि यादी सवडीनं लिहिली तरी चालतं. मध्येच लाईट गेली तर शेवटच्या चेकपॉइंटपासून (तिथवरची पानं डिस्कवर लिहून झाल्याची खूण) कीर्द पुन्हा वाचायची आणि पानं पुरी करायची. आमच्या जुन्या प्रोग्रामात खतावणी आणि यादी या दोन वेगळ्या फाइली होत्या आणि कीर्द नव्हतीच. म्हणून ते बटन.

यादीचं पान भरतं तेव्हाची गंमत सांगायलाच हवी. बी-ट्री इंडेक्सचं पान भरलं की त्याची दोन होतात आणि वरच्या पानावर नव्या पानाचा पत्ता लिहावा लागतो. कीर्दीत या दोन नोंदी पडतात. दोन्हींच्या मध्ये लाईट गेली तर? पान फुटलंय, पण वरच्याला पत्ता नाही. तरी काही हरवत नाही, कारण डाव्या पानावर उजव्याचा पत्ता असतो. काका पान संपलं की तळाला ‘पुढे पान अमुक’ लिहितात ना, तसाच. ही युक्ती लेहमन आणि याओ यांच्या १९८१ च्या शोधनिबंधातली. अर्धवट राहिलेल्या फुटीवर खूण असते आणि त्या पानाशी पुढं जो कुणी नवी नोंद घालायला येईल तो ते काम पुरं करतो. ९.४ आवृत्तीपासून हे असं आहे. त्याआधी सावरण्याच्या शेवटी एकदमच उरकायचे.

वेग वाढवण्यासाठी इंटरनेटवर तीन सल्ले फार मिळतात. एफसिंक, म्हणजे लिहिलेलं खरंच डिस्कवर पोचेपर्यंत थांबणं, बंद करा, हा पहिला. मराठवाड्यात राहून हे करायचं म्हणजे खळं उघडं टाकून लग्नाला जाणं. फुल पेज राइट्स बंद करा, हा दुसरा. पोस्टग्रेसचं पान ८ किलोबाइटचं. ते डिस्कवर जाताना लाईट गेली तर अर्धं नवं, अर्धं जुनं असं राहू शकतं, आणि ‘तिसऱ्या ओळीत ५०० मिळवा’ ही कीर्दीतली नोंद फाटक्या पानावर चालवून उपयोग नाही. म्हणून चेकपॉइंटनंतर पानाला पहिला हात लागला की त्याची अख्खी नक्कल कीर्दीत जाते. लॉग फुगतो, फुगू दे. तिसरा सल्ला सिंक्रोनस कमिट बंद करण्याचा, म्हणजे कीर्द डिस्कवर पोचायची वाट न बघताच व्यवहार पक्का म्हणून सांगायचा. यात डेटा मोडत नाही, फक्त शेवटच्या अर्ध्या-पाऊण सेकंदातले पक्के म्हणून सांगितलेले व्यवहार जाऊ शकतात. दुसऱ्या धंद्यात चालेलही. इथं पट्टी छापून शेतकऱ्याच्या हातात गेलेली असते. ती घेऊन तो निलंग्याला पोचतो आणि आमच्याकडे ती पट्टीच नाही, असं नको. चालूच ठेवलं.

या सगळ्याला एकच अट, डिस्कनं खरं बोललं पाहिजे. सुरुवातीला मी डेटा यूएसबी डब्यातल्या एका हार्डडिस्कवर ठेवणार होतो. पोस्टग्रेससोबत येणारी एफसिंकची चाचणी चालवली तर सेकंदाला हजारो वेळा लिहिल्याचा दावा. ७२०० आरपीएमची तबकडी सेकंदाला १२० वेळाच फिरते, मग हे लिहिलं कुठं? ‘लिहिलं’ म्हणायचं आणि मनात ठेवायचं, असला तो कारभार. तो डबा आता फक्त बॅकअपला.

दिवाळीनंतर आवक जोरात असताना एक आगाऊपणा केला. दुकान चालू असतानाच नवा इंडेक्स बांधायला घेतला, ‘कॉन्करंटली’ लावून, आणि मध्येच प्लग निघाला. डेटाला धक्का नाही, पण इंडेक्स ‘इनव्हॅलिड’ म्हणून मागं राहिला. असा इंडेक्स शोधायला वापरला जात नाही, पण प्रत्येक नोंदीला त्यातही लिहावं मात्र लागतं. आयतं खाणारा पाहुणा. तीन आठवड्यांनी लक्षात आलं, तेव्हा काढून टाकला.

आता अंगाशी आलेलं. तो संगणक जुना होता, उबुंटू लिनक्स १८.०४ चा. डिसेंबरात हंगाम ओसरल्यावर २२.०४ टाकलं, पोस्टग्रेस तेच १५, डेटाची डिरेक्टरी तशीच उचलून ठेवली. चालू झालं. जानेवारीत काका म्हणाले, “सर, ह्या माणसाची दोन खाती दिसायलेत.” आमचा खाते क्रमांक ‘गाव-खाते’ असा, मधे आडवी रेघ, आणि तो युनिक, म्हणजे एक क्रमांक एकदाच. तरी दोन! इंडेक्स तपासणारं अॅमचेक चालवलं, तर क्रम बिघडल्याची तक्रार.

कारण लाईट नव्हतीच. मजकुराचा क्रम पोस्टग्रेस लिनक्सच्या जीलिबसी लायब्ररीला विचारतं, आणि २०१८ च्या २.२८ आवृत्तीत तिनं क्रमाचे नियम बदलले. आधी ११ च्या नंतर १-१ यायचं, आता आधी येतं. म्हणजे यादी जुन्या बाराखडीनं लावलेली आणि शोधणारा नव्या बाराखडीनं शोधतोय. खातं असून सापडत नाही, मग नवं उघडलं जातं. कीर्द यात काय करणार? तिनं सांगितलं तेच इमानेइतबारे लिहिलं. सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट म्हणजे पोस्टग्रेस १५ प्रत्येक कनेक्शनला कोलेशनची (मजकुराच्या क्रमाच्या नियमांची) आवृत्ती जुळत नाही असा इशारा देत होतं आणि मी तो महिनाभर वाचलाच नाही. दुबार खाती हातानं एकत्र केली, आधी नाही केली तर युनिक इंडेक्स पुन्हा बांधताच येत नाही. मग अख्खा डेटाबेस रीइंडेक्स, त्यानंतर कोलेशनची आवृत्ती ताजी केल्याची नोंद.

पुन्हा निवडायची वेळ आली तर हेच निवडेन, फक्त ऑपरेटिंग सिस्टीम बदलताना डिरेक्टरी उचलण्याऐवजी डंप (सगळ्या डेटाची उतरवून घेतलेली नक्कल) घेऊन नव्यानं भरेन.

काकांना त्यांचं बटन परत दिलंय. आता ते रीइंडेक्स करत नाही, अॅमचेक चालवतं आणि सगळं ठीक असलं की हिरवी पट्टी दाखवतं. काका उदबत्तीनंतर ते रोज दाबतात, लाईट गेलेली असो वा नसो.