मुंबईहून नाशिक, सकाळी जा रात्री या: वाइनरीवाल्या दिवसाचा रिव्ह्यू

पहिलं म्हणजे स्वतःची गाडी नेऊ नका. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे (भिवंडीजवळ) हा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये सुरू झाला, कसारा घाटाची कटकट गेली, सगळं मान्य, पण संध्याकाळी स्टिअरिंगवर बसणार कोण? ग्रुपमधला एक जण बिचारा दिवसभर द्राक्षाचा ज्यूस पीत बाकीच्यांची तोंडं बघत बसतो. त्यापेक्षा सीएसएमटीहून शिर्डीची वंदे भारत धरा, सव्वासहाच्या सुमारास सुटते, ठाण्यालाही मिळते, नऊच्या आसपास नाशिक रोड, आणि संध्याकाळी साडेसातच्या दरम्यान तीच परत. आठवड्यातून एक दिवस बंद असते तेवढं बघून बुक करा. पंचवटीचं नाव बरेच जण काढतात पण ती सकाळी मुंबईकडे येते आणि संध्याकाळी परत जाते, म्हणजे आपल्याला बरोबर उलटी.

नाशिक रोड स्टेशन ते गंगापूर धरणाची बाजू, जिथे या वाइनरी म्हणजे वाइन बनवायचे कारखाने आहेत, म्हणजे अख्खं शहर पार करायचं, तासभर धरूनच चाला, त्यात मधे मिसळ खायला थांबणं आलंच (उपाशीपोटी टेस्टिंगला जाणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार). गाडी मात्र दिवसभरासाठीच ठरवा, कारण ॲपवरून जाताना मिळते पण संध्याकाळी तिकडून परत यायला कोणी मिळेल याची गॅरंटी नाही. आणि ते 'एका दिवसात चार वाइनरी' पॅकेज आम्ही घेतलं होतं, नाव घेत नाही, तिसऱ्या ठिकाणी कोणालाच काही चव लागेना, चौथ्या ठिकाणी सगळे नुसते बाथरूम शोधत होते, त्यात ड्रायव्हर मधेच एका गिफ्टच्या दुकानात उतरवून गेला. दोन वाइनरी बास.

त्यातली एक सुला, ती चुकवता येत नाही आणि चुकवूही नये. राजीव सामंत अमेरिकेतली ओरॅकलची नोकरी सोडून आले आणि वडिलांच्या जमिनीवर हे उभं केलं, आईच्या सुलभा नावावरून सुला. आता तिथे रेस्टॉरंट, दुकान, सेल्फीवाले, सगळा मेळा असतो त्यामुळे शनिवार-रविवार टाळा, मधल्या वारी सकाळची टूर घ्या. स्टीलच्या टाक्यांच्या खोलीत गारवा आणि आंबूस ताकासारखा वास एकदम अंगावर येतो. टेस्टिंगमध्ये शेनिन ब्लांक (पांढरी वाइन) नीट थंड असतं, आपल्या हवेला तेच सूट होतं असं माझं मत. 'रेड वाइन रूम टेम्परेचरला' हा नियम नाशिकच्या मार्चला लागू नाही, एका हॉटेलात दुपारी शिराझ ही रेड वाइन मागवली तर आली कोमट, चहाच्या वाटेवरची, सरळ बर्फाची बादली मागून घ्या, लाजू नका. दुसरी यॉर्क, जवळच आहे, आता सुलाकडेच आहे पण आकाराने छोटी, गच्चीतून धरणाचं पाणी दिसतं आणि ओतणाऱ्या माणसाला प्रश्न विचारता येतात. मला विचाराल तर यॉर्क जास्त आवडलं.

पण खरी मजा बागेत आहे आणि तीच लोक सोडतात. जानेवारी ते मार्चमध्ये गेलात तर वेलीवर द्राक्षं असतात. युरोपात तोडणी ऑगस्ट ते ऑक्टोबरला, आपल्याकडे उलटं, कारण आपल्या हवेत वेल थंडीत झोपत नाही, तिला छाटणीनेच वळवावं लागतं, एप्रिलात जुन्या काड्या कापायची खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला फळ धरायची गोडी छाटणी, मग पावसाळा गेल्यावर घड भरतात आणि रात्रीच्या थंडीने आंबटपणा टिकतो. माझ्या मामाची पिंपळगावला थॉमसनची (खायच्या, बिनबियांच्या द्राक्षांची) बाग, त्याला एकदा बरोबर नेलं होतं. गाइडला विचारून त्याने एक मणी तोडला, बोटांनी दाबला, तोंडात टाकला आणि म्हणाला, "अरे हे काय, बोराएवढं, साल जाड, आत बिया, हे तर मार्केटला कोणी उचलणार नाही." वाइनला नेमकं तेच लागतं, रंग सालीतून येतो, आणि मणी लहान म्हणजे रसाच्या मानाने साल जास्त. मामा मात्र पुढचा तासभर त्या पोराला फवारणी, पाणी, एकरी टनेज, करारात भाव काय बांधून देतात हेच विचारत राहिला, त्याने वाइन दोन घोट घेतली आणि 'औषधासारखी' म्हणून ग्लास माझ्याकडे सरकवला.

पावसाळ्यात गेलात तर डोंगर हिरवेगार, धरण भरलेलं, फोटो मस्त, फक्त घड नाहीत हे माहीत असू द्या. 26 जानेवारीचा लाँग वीकेंड धरून प्लॅन करणाऱ्यांनी लक्षात ठेवा, त्या दिवशी ड्राय डे असतो. वाइनला वय 21 पूर्ण लागतं, कॉलेजच्या पोरांनी ओळखपत्र खिशात ठेवा. आणि परतीची गाडी साडेसातची असेल तर यॉर्कवरून साडेपाचलाच उठायचं, सूर्य कितीही मावळतीला आलेला असू दे, कारण त्या वेळेला शहरातला ट्रॅफिक ऐकत नाही. स्टेशनवर वेळ उरलाच तर चिवडा घ्या.