सीपीच्या मुलांसाठी ‘पॅकेज’चे पैसे भरण्याआधी हे वाचा

आमच्या सातारा जिल्ह्यात मंगल कार्यालयं भाड्याने घेऊन सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेने हालचालीवर परिणाम झालेल्या (सीपी) मुलांसाठी ‘मोफत तपासणी शिबिर’ भरवणाऱ्या एका माणसाने आमच्याकडून 1,40,000 रुपये घेतले. उसाचं बिल आलं होतं, त्यातले बरेचसे त्यातच गेले. पण नुसत्या पैशासाठी मी हे लिहीत बसले नसते. माझ्या मुलीचे पाय त्याने विकलेल्या साहित्याने आणखी आखडले, म्हणून लिहिते आहे.

तिला स्पास्टिक डायप्लेजिया आहे. दोन्ही पाय ताठ, उभी केली की गुडघे एकमेकांना घासतात, टाचा जमिनीला टेकत नाहीत. साताऱ्याला सिव्हिलच्या डीईआयसीत, म्हणजे लहान मुलांच्या तपासणी-उपचाराच्या सरकारी केंद्रात, तिची थेरपी चालू होती. तिथल्या फिजिओ मॅडमनी पहिल्यापासून खरं तेच सांगितलं होतं. मेंदूला झालेली इजा वाढत नाही, पण भरूनही येत नाही. मूल वाढतं तसं हाड लांब होतं, ताठ स्नायू मात्र त्या वेगाने लांबत नाहीत, म्हणून रोज ताण द्यायचा, उभं करायचं, खुब्यांवर लक्ष ठेवायचं. ऐकायला हे फार आशेचं वाटत नाही. कोरेगावहून लेकराला कडेवर घेऊन एसटीने जायचं, पावसात खाडे व्हायचे. शिबिरातल्या माणसाने नेमकं हेच विचारून घेतलं आणि म्हणाला, “ताई, तुम्ही कशाला हेलपाटे घालता? थेरपिस्ट तुमच्या दारात येईल.”

अंगात पांढरा कोट, हातात टॅब, त्यात चालायला लागलेल्या मुलांचे व्हिडिओ. मुलगी सहा महिन्यांत चालेल म्हणाला. लगेच पुढे, “आता पाच वर्षांची झालीय, उशीर केलात तर कायमची बसेल.” हे वाक्य ज्या आईने ऐकलंय तिलाच कळेल त्याने काय होतं ते. पॅकेजमध्ये घरी थेरपी, पायाचे स्प्लिंट, मुलाला आधाराने उभं ठेवणारी ‘परदेशी’ स्टँडिंग फ्रेम आणि मेंदूला चालना देणारं म्हणून एक मशीन. सगळे पैसे त्याच दिवशी भरले तर सूट. पैसे संस्थेच्या खात्यावर नाही, त्याच्या स्वतःच्या नंबरवर. पावती दिली ती कच्ची, तिच्यावर ना जीएसटी नंबर, ना वस्तूंची नावं.

घरी एक मुलगा यायचा. तेल लावून पाय चोळायचा, ते मशीन पाठीवर फिरवायचा आणि जायचा. सांधा किती अंशांपर्यंत वळतो हे त्याने एकदाही मोजलं नाही. पुढे तोही यायचा बंद झाला.

स्प्लिंटबद्दल मला सविस्तर सांगायचं आहे, कारण फसवणूक तिथे सगळ्यात आधी ओळखता येते. आपण ज्याला एएफओ म्हणतो तो घोटा आणि पाऊल धरून ठेवणारा स्प्लिंट चपलेसारखा नंबर बघून घ्यायचा नसतो. घोटा काटकोनात धरून पायाला प्लास्टरची पट्टी गुंडाळतात, तिचा साचा काढतात, त्या साच्यावर प्लॅस्टिक तापवून बसवतात. मग मुलाला घालून बघायचं, टोचेल तिथे घासायचं. या माणसाने शिंप्याच्या टेपने पावलाची लांबी घेतली आणि वहीत एक आकडा लिहिला, बस्स. आले ते तयार मापाचे तुकडे. टाच आत वर उचलली जायची, घोट्यावर लाल वळ उठायचे. स्प्लिंट काढल्यावर अर्ध्या तासात लाली गेली नाही तर माप चुकलंय असं समजायचं. फोनवर तो म्हणायचा, “सवय होईपर्यंत रडणारच.”

फ्रेम दिवाळीनंतर आली. परदेशी कसली, वापरलेली होती. छातीचा फोम दबून सपाट झालेला, लाकडाला जुनी भोकं बुजवून रंग दिलेला, कंबरेचा पट्टाच नाही. कंबर धरून ठेवायला काही नसल्यावर पोर सगळा भार हातांवर टाकून लोंबकळत उभी राहायची आणि गुडघे आत वळायचे. आमच्या आत्याबाई म्हणाल्या, “ही उभी राहत नाही गं, टांगलीय.” दुसऱ्याच दिवशी तिला सिव्हिलला नेली. मॅडमनी दोन्ही वस्तू बंद करायला लावल्या. टाचेमागची शीर आधीपेक्षा आखडली होती. त्यापायी लेकीला आठवडेच्या आठवडे प्लास्टर घालून, दर वेळी थोडं थोडं सरळ करत, पाय परत आणावे लागले. प्लास्टरमध्ये तिला खाज यायची, रात्र रात्र झोपायची नाही. त्या रात्रींचा हिशोब कोण देणार?

माझं एवढंच ठाम मत आहे. कोणती वस्तू लागेल हे सांगणारा, माप घेणारा आणि विकणारा एकच माणूस असेल तर पैसे काढू नका. मुलाला रोज पाहणाऱ्या थेरपिस्टकडून लेखी घ्या, तो कागद घेऊनच साहित्य करायला टाका आणि ट्रायल झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. स्प्लिंट बनवणाऱ्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, फिजिओची राज्याच्या परिषदेकडे. नंबर विचारा. खरा माणूस रागवत नाही.

शिबिरं सगळीच खोटी नसतात, हेही सांगते. दिव्यांगांना साहित्य देणाऱ्या केंद्राच्या एडीआयपी योजनेत कानपूरच्या एलिम्को या सरकारी कंपनीतर्फे साहित्याची शिबिरं होतात. 40 टक्के अपंगत्वाचा दाखला आणि महिन्याचं उत्पन्न 22,500 रुपयांच्या आत असेल तर योजनेतलं साहित्य मोफत मिळतं. केंद्राच्याच राष्ट्रीय न्यासाच्या निरामय आरोग्य विम्यात वर्षाला 1 लाखापर्यंतचं कवच आहे. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलेलं नसेल तर ते आधी काढा.

त्याचा फोन आता बंद आहे. आम्ही पोलिसांत अर्ज दिलाय आणि जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार केलीय. 2019 च्या कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, 5 लाखांपर्यंत फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, मुदत 2 वर्षांची. आधी विचारायचं असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915. त्याच शिबिरात फसलेल्या वाईच्या एका ताईंनी रागाने स्प्लिंट ओढ्यात टाकले, आता त्यांच्याकडे दाखवायला काही नाही. तुमच्याकडे असलं साहित्य असेल तर मुलाला घालू नका, पण फेकूही नका. फोटो काढा, पावती आणि मेसेज जपून ठेवा, आणि वस्तू आली ती तारीख लिहून ती पोत्यात बांधून ठेवा.