ग्लोबल एन्ट्री: मी सुटलो, बायको रांगेतच

ग्लोबल एन्ट्री म्हणजे अमेरिकेत उतरल्यावर इमिग्रेशनची लांब रांग टाळून देणारं सदस्यत्व. १२० डॉलर, पाच वर्षं, सोबत टीएसए प्रीचेक, म्हणजे तिथल्या विमानतळांवर सुरक्षा तपासणीची वेगळी, सुटसुटीत रांग. एवढं सगळ्यांना माहीत असतं, ते पुन्हा लिहीत नाही. परवा शिकागोला प्रीचेकच्या रांगेतून मला साध्या रांगेत पिटाळलं, म्हणून हा लिहायचा खटाटोप.

आमचा मार्ग ठरलेला: पुणे, दिल्ली, फ्रँकफर्ट, शिकागो आणि तिथून लेकीच्या गावाला छोटं विमान. शिकागोला बॅगा उचलायच्या, पुन्हा द्यायच्या, टर्मिनल ५ वरून आतल्या गाडीने दुसरं टर्मिनल गाठायचं, की परत तपासणी. प्रीचेक कामाला येतं ते इथे. लॅपटॉप पिशवीतच, पट्टा कमरेलाच. फक्त बोर्डिंग पासवर तसं छापलेलं हवं. माझ्या पासवर नव्हतं.

कारण काय, तर नाव! आपल्या पासपोर्टवर स्वतःचं आणि वडलांचं नाव एकाच रकान्यात असतं. ग्लोबल एन्ट्रीच्या अर्जात मधल्या नावाला वेगळा रकाना. एजंटने तिकिटावर दोन्ही नावं चिकटवली, वर शेपटीला ‘एमआर’, म्हणजे मिस्टर. नाव जुळलं नाही की सदस्य क्रमांक घालूनही उपयोग शून्य. एजंट म्हणतो, “काका, सगळ्यांची तिकिटं अशीच निघतात.” विमान कंपनी म्हणते, एजंटला विचारा. या टोलवाटोलवीत फोनवर सनईचं रेकॉर्ड मात्र भरपूर ऐकलं. तिकीट हातात आलं की त्याच दिवशी नाव आणि क्रमांक तपासा. पुण्याच्या काउंटरवर पुढचे पास मिळाले तर तिथेच उभं राहून वाचा, मागचे लोक कुरकुरले तरी.

फ्रँकफर्टला या सदस्यत्वाची किंमत शून्य. भारतातून आलात की तिथे तपासणी होतेच, आणि प्रीचेक तिथे चालत नाही. माझा लसणीच्या चटणीचा डबा तिथे दोघांनी हुंगून पाहिला.

खरं तर पहिल्याच फेरीनंतर मी याला पैसे पाण्यात म्हणत होतो. इमिग्रेशनला कॅमेऱ्याकडे बघितलं, अधिकाऱ्याने मान हलवली, सुटलो. आणि पट्ट्यापाशी बॅगा राखत बायकोची वाट बघत बसलो, कारण सदस्यत्व माणशी असतं, नवऱ्याच्या कार्डावर बायको जात नाही. मग मधे एकदा एकटाच गेलो. फ्रँकफर्टहूनच विमान उशिरा निघालं होतं. साध्या रांगेत अडकलो असतो तर पुढचं विमान नक्की गेलं असतं. दार बंद व्हायच्या आत पोचलो. त्या दिवसापासून पैशांबद्दल बोलत नाही.

आपल्याकडची फास्ट ट्रॅक इमिग्रेशन योजना दिल्लीला जून २०२४ मध्ये आली, मुंबईला जानेवारी २०२५ मध्ये. ई-गेट चांगलं चालतं. पुढे सुरक्षेच्या रांगेत तोच ट्रे आणि तीच ढकलाढकली. पण फुकट आहे, त्यामुळे तक्रार नाही. बायकोचाही अर्ज लगेच भरून टाकला.

तिच्या ग्लोबल एन्ट्रीचं घोडं अडलंय. अर्ज नामंजूर झाला तरी फी परत मिळत नाही, हे तिने वाचलंय. पासपोर्ट सेवेतून पोलिस पडताळणी वेगळीच. “दहा हजारांच्या वर जाणार,” ती म्हणते, “तेवढ्यासाठी मी राहते उभी. तू बॅगा सांभाळ.”