पाणी, पूर आणि पडदा : शाश्वत विकासावरील ऑनलाइन कार्यशाळांपैकी कोणती निवडावी?

कोकणातील महाविद्यालये, ग्रामपंचायती, महिला बचत गट आणि गावोगावची मुंबईतील मंडळे यांना शाश्वत विकासाच्या ऑनलाइन कार्यशाळांची निमंत्रणे आता वारंवार येऊ लागली आहेत. संयुक्त राष्ट्रांनी सप्टेंबर 2015 मध्ये 17 उद्दिष्टे आणि त्यांखालील 169 लक्ष्ये स्वीकारली, त्यांसाठी 2030 ही मुदत ठरवली, आणि तेव्हापासून वेगवेगळ्या देशांतील लोकांनी एकत्र बसून तोडगे शोधावेत या कल्पनेवर चालणारे उपक्रम वाढतच गेले. नावे अनेक असली तरी ते साधारण तीन प्रकारांत बसतात : तीनेक तासांत विषय उलगडून दाखवणारी कार्यशाळा, दीड-दोन दिवसांत तोडगा उभा करायला लावणारी हॅकेथॉन, आणि एकच प्रश्न हाती घेऊन काही महिने पंधरवड्याच्या अंतराने भरणारी बैठकांची मालिका. आयोजकाचे नाव किती मोठे आहे आणि प्रमाणपत्र मिळते की नाही, यांवरून निवड करण्याची पद्धत आपल्याकडे आहे. कार्यशाळा संपल्यावर त्या प्रश्नाचे काम कोण पुढे नेणार, हा निकष लावला तर निवड बरीच वेगळी होते, असे माझे मत आहे.

पहिल्या प्रकारात फ्रान्समध्ये सुरू झालेली क्लायमेट फ्रेस्क ही कार्यशाळा सर्वाधिक परिचित आहे. आयपीसीसी या हवामान बदलावरील संयुक्त राष्ट्रांच्या आंतरसरकारी समितीच्या अहवालांवर आधारलेली 42 कार्डे गटाने मिळून कारण आणि परिणाम या क्रमाने मांडायची असतात, आणि ऑनलाइन आवृत्तीत हेच काम सर्वांना एकाच वेळी दिसणाऱ्या फलकावर होते. एन-रोड्स हे क्लायमेट इंटरॅक्टिव्ह ही संस्था आणि एमआयटी स्लोन ही व्यवस्थापनशाळा यांचे सिम्युलेटर, म्हणजे धोरणांचे परिणाम आकड्यांत दाखवणारे संगणकीय प्रारूप, ब्राउझरमध्ये विनामूल्य चालते. कोळसा, कार्बनची किंमत, वाहनांचे विद्युतीकरण, वनीकरण अशा एकेका पट्टीवरील खूण सरकवली की 2100 मधील तापमानवाढीचा आकडा डोळ्यांसमोर बदलतो. काहीच बदलले नाही तर तो तीन अंशांच्या वर राहतो. झाडे लावण्याची पट्टी शेवटपर्यंत ओढली तरी आकडा फारसा हलत नाही, कारण झाडांना वाढायला काळ आणि जमीन दोन्ही लागतात. दर पावसाळ्यात वृक्षारोपणाचे छायाचित्र काढून मोकळ्या होणाऱ्या संस्थांनी निदान एवढ्यासाठी तरी ते एकदा पाहावे. निसर्ग चक्रीवादळ 3 जून 2020 रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, पुढल्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेले, आणि या दोन्ही गोष्टी आजच्या विद्यार्थ्यांना आठवतात, त्यामुळे मराठी बोलणारा निवेदक असेल तर चर्चा लवकर रंगते. या कार्यशाळेतून गावासाठी कोणताही आराखडा निघत नाही, पण तसा तिचा दावाही नसतो.

हॅकेथॉनचे आकर्षण तरुणांना मोठे आहे. केंद्र सरकारची स्मार्ट इंडिया हॅकेथॉन 2017 पासून भरते. सहा जणांच्या संघात किमान एक विद्यार्थिनी असावी लागते, आणि सॉफ्टवेअर विभागाची अंतिम फेरी 36 तास अखंड चालते. ही फेरी एरवी नेमलेल्या केंद्रावर प्रत्यक्ष भरते आणि 2020 मध्ये मात्र ती ऑनलाइन झाली, हे प्रवासखर्चाचा हिशेब करणाऱ्या महाविद्यालयांनी लक्षात घ्यावे. नासाची स्पेस ॲप्स चॅलेंज 2012 पासून भरते, बहुधा ऑक्टोबरमधील एका शनिवार-रविवारी, आणि तीत घरबसल्याही भाग घेता येतो. तीत उपग्रहांची खुली माहिती वापरायची असल्याने किनारपट्टीच्या काही कामांना ती चांगली जुळते. खाडीकाठच्या खारफुटीचे क्षेत्र दहा वर्षांत कसे बदलले किंवा खारबंदिस्ती, म्हणजे खारे पाणी अडवणारे बांध, फुटल्यावर खारे पाणी कोणत्या शेतांत शिरले, असे नकाशे दोन दिवसांत खरोखर तयार होऊ शकतात. प्रश्न मोजता येण्यासारखा, माहिती आधीच उपलब्ध आणि अपेक्षित वस्तू स्पष्ट, अशा तीन अटी पूर्ण होत असतील तर हॅकेथॉनइतके जलद दुसरे साधन नाही.

अडचण येते ती या अटी पूर्ण होत नसताना. चिपळूणला 22 जुलै 2021 रोजी आलेल्या महापुराचे उदाहरण घ्यावे. दूरवरच्या हुशार संघाला हा प्रश्न दिला तर पाण्याची पातळी मोजणारे यंत्र आणि मोबाइलवर सूचना देणारे ॲप असे उत्तर जवळजवळ ठरलेले असते. परंतु पुराच्या रात्री वीज आणि मोबाइलचे नेटवर्क हीच आधी जातात. शिवाय चिपळूणमधून वाहणाऱ्या वाशिष्ठी नदीला घाटमाथ्यावरील पावसाबरोबरच कोयनेच्या वीजनिर्मितीनंतर सोडलेले पाणीही येऊन मिळते, पात्रात गाळ साचलेला असतो, आणि खाडीला भरती असली की पाण्याला उतार मिळत नाही. सूचना कोणी द्यायची, भोंगा कोणी वाजवायचा, बाजारपेठेतील माल कोणत्या पातळीला हलवायचा, याचा निर्णय नगरपरिषद, जलसंपदा विभाग, वीजनिर्मिती कंपनी आणि व्यापारी यांनी आधी एकमताने घ्यावा लागतो. दोन दिवसांत या चौघांची एक बैठकही लागत नाही, आणि बक्षीस मिळालेले ॲप पुढच्या पावसाळ्यात कोण चालवणार, हे बक्षीस देणाऱ्यांनाही सांगता येत नाही.

तिसऱ्या प्रकाराला फारशी जाहिरात नसते, कारण ही मालिका बहुधा आपली आपणच उभारायची असते. दीड तासाच्या सहा ते आठ बैठका, एकच प्रश्न, प्रत्येक बैठकीनंतर गावात करायचे एक छोटे काम, आणि बाहेरच्या जाणकारांना हव्या त्या टप्प्यावर बोलावणे, एवढाच तिचा सांगाडा असतो. दापोलीचे कृषी विद्यापीठ, जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्राध्यापक, भूजलाचा अभ्यास असलेला परदेशातील एखादा गाववाला यांना एका पडद्यावर आणणे एरवी अशक्य असते. ऑनलाइन माध्यमाचा खरा फायदा मला येथेच दिसतो.

अशा बैठकीत काम कसे चालते ते पाण्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या वाडीत एप्रिलमध्ये टँकर का लागतो, हे बाहेरच्या सहभागींना कोडे वाटते. जांभा पाणी धरून ठेवत नाही आणि तीव्र उतारावरून वहाळ (ओढे) काही तासांत समुद्र गाठतात, हे समजल्यावर त्यांच्याकडून पहिली सूचना येते ती छतावरील पाणी साठवण्याची. मग हिशेब मांडावा. पन्नास चौरस मीटरच्या छपरावर वर्षाला दीड लाख लिटर पाणी पडते, गळती धरूनही त्यातले लाख-सव्वा लाख हाती येते, म्हणजे पाण्याची कमतरता नाही. पण जलजीवन मिशनच्या माणशी 55 लिटरच्या प्रमाणाने पाच जणांच्या घराला दिवसाला 275 लिटर लागतात. मार्च ते मे हे तीन महिने काढायचे तर घरटी जवळपास 25 हजार लिटरची टाकी हवी. त्यामुळे प्रश्न पावसाचा न राहता टाकीची किंमत, अंगणातील जागा आणि वर्गणी यांचा होतो. टाकी फक्त पिण्याच्या आणि स्वयंपाकाच्या पाण्यापुरती बांधून वापराचे पाणी विहिरीवर आणि बंधाऱ्यावर सोडावे का, ही चर्चा येथून पुढे सुरू होते, आणि तिला वाडीतील बायका हजर असाव्याच लागतात, कारण हंड्यांचा हिशेब त्यांच्याइतका नेमका कोणाकडेच नसतो. मुंबईकर मंडळींनाही याच टप्प्यावर जोडून घ्यावे. वर्गणी त्यांच्याकडून यायची असते आणि मे महिन्यात गावी आल्यावर पाणी त्यांनाही लागते.

या प्रकाराचे दोष लपवण्यात अर्थ नाही. तिसऱ्या बैठकीपासून उपस्थिती घटते, एखाद्या पुढाऱ्याच्या हाती सूत्रे गेली की बाकीचे गप्प बसतात, आणि चिकाटीचा संयोजक नसेल तर मालिका अर्ध्यावर थांबते. तरीही कोकणात टिकलेली कामे पाहिली तर ती याच गतीने झालेली आहेत. वेळास येथील समुद्री कासवांच्या संरक्षणाचे काम 2002 पासून गावकऱ्यांच्या साथीने वाढत गेले आणि कासव महोत्सव त्यानंतर आला. वेंगुर्ल्यात खारफुटीतून पर्यटकांना होडीने फिरवणाऱ्या महिलांचा गटही एका कार्यशाळेत उभा राहिलेला नाही.

साधनांबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. झूमची विनामूल्य बैठक 40 मिनिटांनी आणि गूगल मीटची 60 मिनिटांनी संपते, म्हणून दीड तासाच्या बैठकीसाठी एक तरी सशुल्क खाते घ्यावे लागते. मीरोसारखा सामायिक फलक लॅपटॉपवर सोयीचा असला तरी पाच इंची मोबाइलवर त्यावरील चिठ्ठ्या वाचताही येत नाहीत. शाळेत किंवा समाजमंदिरात एक लॅपटॉप, एक प्रोजेक्टर आणि एक चांगला ध्वनिक्षेपक लावून पंधरा-वीस माणसांनी एकत्र बसावे, भिंतीवरील कागदावर लिहावे आणि त्याचे छायाचित्र व्हॉट्सॲपवर पाठवावे, ही व्यवस्था प्रत्येकाने आपापल्या मोबाइलवरून सामील होण्यापेक्षा कितीतरी बरी. आंतरराष्ट्रीय कार्यशाळा इंग्रजीत असेल तर दर दहा मिनिटांनी थांबून मराठीत सांगणारा माणूस आयोजकांकडे आधीच मागून घ्यावा, आणि ते नकार देत असतील तर ती विद्यार्थ्यांपुरती ठेवावी.

म्हणून पदवी महाविद्यालयाने पहिल्या प्रकाराने सुरुवात करावी आणि संगणक किंवा भूगोल विभागाकडे ठोस प्रश्न तयार असल्यासच हॅकेथॉनकडे वळावे. ग्रामपंचायत, बचत गट आणि मंडळे यांनी सरळ तिसरा प्रकार घ्यावा. त्यातून नकाशा किंवा नोंदवही यांसारख्या एखाद्या वस्तूची गरज निघाली, तर तेवढेच काम हॅकेथॉनमधील संघाला द्यावे.

मालिका कधी सुरू करायची हेही निवडीइतकेच महत्त्वाचे आहे. मासेमारी बंदीच्या जून-जुलैमध्ये मच्छीमार मोकळे असतात, पण तेव्हा विजेचा भरवसा नसतो. मार्च ते मे आंब्या-काजूत जातात, आणि गणपतीत कोणी कोणाचे ऐकत नाही. पाण्याचा विषय असेल तर पहिली बैठक अनंत चतुर्दशीनंतरच्या आठवड्यातच घ्यावी, कारण कच्चा बंधारा वहाळाला पाणी असतानाच, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घालावा लागतो, आणि त्यासाठी रिकाम्या सिमेंटच्या पोत्यांची जमवाजमव दुसऱ्या बैठकीपर्यंत झालेली असावी.